कोटणीसांची कहाणी आणि युद्धकाळातील सेवेचा प्रश्न

आगमनकाळाच्या धामधुमीत, डिसेंबरच्या ९ तारखेस, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची पुण्यतिथी येते. आपल्या प्रवचनांतून त्यांचे नाव अधूनमधून घेतले जाते. दयाळू शोमरोन्याचा दाखला विशद करताना श्रोत्यांना जवळचे उदाहरण हवे असते. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर परमुलखात जातो, परक्या लोकांच्या जखमा बांधतो आणि तेथेच देह ठेवतो, हे उदाहरण मराठी माणसाला तत्काळ पटते. प्रस्तुत लेखकानेही वडोदऱ्यातील आपल्या धर्मग्रामात ते अनेकदा वापरले आहे. परंतु हे उदाहरण आपण ज्या रीतीने सांगतो त्या रीतीचा पुनर्विचार करावा, असे वाटण्याजोगा प्रसंग घडला.

वडोदऱ्यात धर्मशिक्षकांचे एक उजळणी-शिबिर होते. विषय होता संकटग्रस्तांची सेवा. संध्याकाळी व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा १९४६ सालचा चित्रपट दाखवण्यात आला. चित्रपट संपल्यावर सर्वांचे मन भरून आले होते. अशा वेळी एका वयोवृद्ध धर्मशिक्षकाने विचारले, “फादर, हा डॉक्टर जखमींचा माणूस होता की सैन्याचा?” मी “दोहोंचा” असे उत्तर देऊन वेळ मारून नेली. त्या सद्गृहस्थांचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. त्यांचा प्रश्न त्या चित्रपटाच्या मर्मावर बोट ठेवणारा होता. युद्धात वा दंग्यात मदतकार्य चालवू पाहणाऱ्या प्रत्येकाला तो केव्हा ना केव्हा विचारला जातोच. यास्तव त्या चित्रपटाचे व त्यामागील इतिहासाचे थोडे परीक्षण येथे करण्याचे योजिले आहे.

इतिहासातील पथक

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी कम्युनिस्टांचे सेनापती जू द यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडण्यात आले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल हे स्पेनमधील यादवी युद्धात काम करून आलेले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर चौघे. कोटणीस त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते नुकतेच बाहेर पडले होते.

सप्टेंबर १९३८ च्या आरंभी पथकाने मुंबई सोडली आणि त्याच महिन्यात ते चीनला पोहोचले. परंतु कम्युनिस्टांचे केंद्र असलेल्या येनानला पोहोचण्यास त्यांना फेब्रुवारी १९३९ उजाडला. मधला काळ राष्ट्रीय सरकारच्या ताब्यातील प्रदेशात गेला. चीनमध्ये तेव्हा जपानविरुद्ध एकजूट जाहीर झालेली होती, तरी च्यांग कै-शेक यांचे सरकार व कम्युनिस्ट यांच्यात परस्परांविषयी गाढ संशय होता, आणि पुढे तर सरकारी सैन्याने कम्युनिस्ट प्रदेशाची नाकेबंदी केली. औषधांच्या पेट्या घेऊन निघालेला माणूस रुग्णाच्या खाटेपर्यंत केव्हा पोहोचेल हे त्याच्या अंतःकरणातील कळवळ्यावर थोडेच ठरते. ते ठरते वाटेतील परवान्यांवर, वाहनांवर आणि अधिकाऱ्यांच्या मर्जीवर. युद्धातील मदतकार्याची ही पहिली अडचण होय, आणि कोटणीसांच्या पथकाला ती पहिल्या दिवसापासून भोवली.

पुढे पथकातील सहकारी वेगवेगळ्या वेळी मायदेशी परतले. चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता कोटणीसांना समजली, तरी ते माघारी आले नाहीत. उत्तरेकडील आघाडीवर आठव्या मार्ग-सेनेबरोबर त्यांनी काम केले. १९४० मधील एका लढाईच्या वेळी तेरा दिवसांत सुमारे आठशे जखमींवर त्यांनी उपचार केल्याची नोंद आहे. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. तेथील परिचर्या-शिक्षिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. १९४२ साली त्यांना मुलगा झाला, त्याच वर्षी त्यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला.

पडद्यावरील एकटा नायक

चित्रपटाला आधार आहे तो ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ सालच्या इंग्रजी पुस्तकाचा. त्या पुस्तकाच्या नावाचा आशय असा की, गेलेल्यांपैकी एक परत आला नाही. चित्रपटाचे नाव मात्र एकट्या कोटणीसांचे व त्यांच्या अमरत्वाचे आहे. पुस्तकाच्या नावात पाच जणांची मोजदाद आहे, चित्रपटाच्या नावात एकच उरतो. ह्या एका फरकात बरेच काही सामावलेले आहे.

प्रथम गुणांविषयी सांगणे न्याय्य होईल. हा चित्रपट निघाला तेव्हा महायुद्ध नुकतेच संपले होते आणि भारत अजून पारतंत्र्यात होता. अशा वेळी एका गुलाम देशातील माणसे दुसऱ्या पीडित देशाच्या मदतीला गेली ही गोष्ट लोकांपुढे मांडणे हेच मोठे काम होते. शांताराम यांनी स्वतः कोटणीसांची भूमिका केली, जयश्रीबाईंनी पत्नीची केली आणि वसंत देसाई यांनी संगीत दिले. त्यात आवेश आहे व प्रामाणिकपणाही आहे. कोटणीसांचे नाव घरोघर गेले त्याचे बरेचसे श्रेय ह्या कलाकृतीला द्यावे लागेल.

तथापि चित्रपटाने केलेला एक बदल आपल्यासारख्या वाचकांनी नजरेआड करू नये. पडद्यावरचे कोटणीस साथीच्या रोगाशी झुंजतात, शत्रूच्या हाती सापडतात, निसटतात आणि अखेर त्याच साथीला बळी पडतात. वास्तवातील कोटणीस अपस्माराने गेले. कलावंताला असे स्वातंत्र्य असते हे मान्य आहे. प्रश्न आहे तो असा बदल करण्याची गरज का भासली, हा. अपस्माराच्या मृत्यूत कथेला साजेसा अर्थ सापडत नाही. अतिश्रमाने, अपुऱ्या अन्नाने व न टळणाऱ्या आजाराने माणूस खचत जातो आणि एके दिवशी जातो, एवढेच त्यात असते. साथीच्या मृत्यूत मात्र बलिदान दिसते. रुग्णाचा रोग डॉक्टराने आपल्या अंगावर घेतला असे म्हणता येते. आपण धर्मगुरू ह्या रचनेला चटकन भुलतो, कारण ती आपल्या ओळखीची आहे. ख्रिस्ताच्या दुःखसहनाची छाया तीत पडल्यासारखी वाटते. परंतु ख्रिस्ताचे क्रूसावरील मरण हे आपल्या श्रद्धेचे केंद्र आहे म्हणून प्रत्येक सेवकाच्या मरणाला तोच आकार देणे हे सत्याशी प्रतारणा करणे होय. शिवाय त्यामुळे एक व्यावहारिक हानीही होते. सेवेची थोरवी मरणाने मोजण्याची सवय लागली की सेवा जिवंतपणी चालवायची कशी हा प्रश्न क्षुल्लक वाटू लागतो. औषधे कोठून आली, कोणी अडवली, आधी कोणावर उपचार झाले आणि ते कोणी ठरवले, हे प्रश्न मग कोणी विचारत नाही.

आपल्या धर्मशिक्षकांचा प्रश्न नेमका येथेच येतो. पाचही डॉक्टर एका राजकीय चळवळीने पाठवले होते, दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या एखाद्या तटस्थ संस्थेने नव्हे. कोटणीस एका सैन्याबरोबर राहिले आणि शेवटी एका पक्षाचे सदस्य झाले. त्यांनी बाजू घेतली हे उघड आहे. आक्रमकाविरुद्ध आक्रांताची बाजू घेतली म्हणून त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु बाजू घेणे व सर्वांचा असणे ह्या दोन गोष्टी एकाच वेळी, विनासायास साधतात असा भाव चित्रपट पाहून मनावर ठसतो, आणि आपली प्रवचने तोच भाव पुढे नेतात. तो भाव खरा नाही.

तटस्थता आणि निःपक्षपात

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. २४ जून १८५९ रोजी इटलीत सॉल्फेरिनोची लढाई झाली. आंरी द्युनां हा जिनिव्हाचा व्यापारी त्या वेळी तेथे होता. कास्तिल्योने ह्या गावातील चर्चमध्ये हजारो जखमी आणून टाकलेले त्याने पाहिले. गावातील स्त्रियांनी कोणत्या देशाचा सैनिक हे न पाहता सर्वांची शुश्रूषा केली. द्युनांने १८६२ साली ह्या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्यातून १८६३ मध्ये रेड क्रॉसची समिती व १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार जन्मास आला. पुढे १९४९ साली चार करार झाले आणि १९६५ साली व्हिएन्ना येथे रेड क्रॉसची सात मूलतत्त्वे ठरली. त्यांत निःपक्षपात व तटस्थता ही दोन तत्त्वे वेगळी मांडली आहेत.

निःपक्षपात म्हणजे जखमींमध्ये भेद न करणे. ज्याची गरज अधिक त्याला आधी साहाय्य, मग तो कोणाचाही असो. तटस्थता म्हणजे लढणाऱ्या पक्षांच्या वादात बाजू न घेणे. पहिले तत्त्व नीतीचे आहे. दुसरे हे त्या नीतीसाठी पत्करलेले साधन आहे. दोन्ही बाजूंच्या जखमींपर्यंत पोहोचता यावे म्हणून मदतनीस आपले मत राखून ठेवतो. सैन्यातील डॉक्टर तटस्थ नसतो, तरीही शत्रूचा जखमी सैनिक हाती आला तर त्याच्यावर तितक्याच काळजीने उपचार करणे कराराने त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे तटस्थता सोडता येते, निःपक्षपात सोडता येत नाही.

ह्या दृष्टीने वृद्ध धर्मशिक्षकांच्या प्रश्नाचे अधिक प्रामाणिक उत्तर देता येते. कोटणीस सैन्याचे माणूस झाले होते. त्यामुळे आघाडीच्या एका बाजूला त्यांना जाता आले व दुसऱ्या बाजूचे दार त्यांना बंद झाले. ही किंमत त्यांनी मोजली. हाती आलेल्या प्रत्येक जखमीशी डॉक्टर म्हणून असलेले कर्तव्य मात्र त्याने संपत नव्हते. चित्रपटाने हा भेद उलगडून दाखवला असता तर नायक लहान झाला नसता आणि आपल्याला शिकण्यासारखे काही हाती लागले असते.

प्रत्येक वाटेची किंमत

कोणी म्हणेल, मग रेड क्रॉसचीच वाट धरावी. परंतु त्या वाटेलाही किंमत आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये, म्हणजे कोटणीस उत्तर चीनमध्ये अखेरचे दिवस कंठत असताना, जिनिव्हाच्या समितीपुढे एक प्रश्न आला होता. जर्मन सत्तेखाली चाललेल्या अत्याचारांविरुद्ध जाहीर आवाहन करावे काय? यहुद्यांच्या संहाराच्या वार्ता तोवर समितीच्या कानी आल्या होत्या. आवाहनाचा उपयोग होणार नाही आणि युद्धकैद्यांसाठी चाललेले काम मात्र धोक्यात येईल, अशा विचाराने समितीने मौन पाळले. ते मौन ही आपली मोठी चूक होती हे त्या संस्थेने पुढे स्वतः मान्य केले आहे.

दुसरे उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेच्या जवळचे आहे. १९६७ ते १९७० ह्या काळात नायजेरियापासून फुटून निघालेल्या बियाफ्रात दुष्काळ पडला, कारण केंद्र सरकारने त्या प्रदेशाची नाकेबंदी केली होती. कॅथलिक व प्रॉटेस्टंट संस्थांनी एकत्र येऊन साओ टोमे बेटावरून रात्रीच्या अंधारात विमानाने अन्न पोहोचवले. अशा पाच हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या आणि त्यांत वैमानिकही प्राणाला मुकले. उपाशी बालके जगली हे खरे. परंतु त्याच उली धावपट्टीवर त्याच अंधारात शस्त्रांची विमानेही उतरत होती आणि मदतकार्यातून फुटीर सरकारला परकीय चलन मिळत होते. ह्या मदतीने युद्ध लांबले काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. तेथे काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांना रेड क्रॉसचे मौन असह्य झाले, आणि १९७१ साली स्थापन झालेल्या ‘सीमाविरहित डॉक्टर’ ह्या संस्थेत उपचाराइतकेच साक्षीलाही महत्त्व देण्यात आले.

साक्ष देणाऱ्यांनाही मार्ग सुलभ नव्हता. १९९४ साली रुआंडातील वंशसंहारानंतर लाखो निर्वासित सीमा ओलांडून झाईरमधील गोमा येथे आले. त्यांत संहार करणारेही होते. छावण्यांचा ताबा त्यांच्याच हाती गेला. अन्नवाटप त्यांच्या याद्यांप्रमाणे होऊ लागले आणि त्या अन्नावर त्यांची सेना पुन्हा उभी राहू लागली. त्या संस्थेची फ्रेंच शाखा नोव्हेंबर १९९४ मध्ये तेथून निघून गेली, इतर अनेक संस्था राहिल्या. निघून गेलेल्यांनी निरपराध रुग्णांना मागे टाकले, राहिलेल्यांनी मारेकऱ्यांना पोसले. ह्यांपैकी कोणाचेही हात पूर्णपणे स्वच्छ राहिले नाहीत.

आता तर संरक्षणाचे चिन्हही पुरेसे राहिलेले नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफगाणिस्तानातील कुंदूझ येथे ह्याच संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला आणि बेचाळीस जण मृत्युमुखी पडले. मे २०१६ मध्ये सुरक्षा समितीने वैद्यकीय सेवेच्या संरक्षणाचा ठराव केला. तरीही एप्रिल २०२४ मध्ये गाझात अन्न पोहोचवणारे एका संस्थेचे सात सेवक इस्रायली हल्ल्यात मारले गेले. कोटणीसांच्या काळापेक्षा कायदा वाढला आहे. त्याचे पालन त्या मानाने वाढलेले नाही.

उतारशाळेचा रक्षक

ह्या पार्श्वभूमीवर लूककृत शुभवर्तमानातील तो दाखला पुन्हा वाचून पाहावा. आपली प्रवचने बहुधा शोमरोनी खाली उतरून जखमा बांधतो तेथे थांबतात. दाखला मात्र पुढे जातो. जखमीला जनावरावर घालून उतारशाळेत नेले जाते. रक्षकाला दोन दीनार दिले जातात, अधिक खर्च झाल्यास परतताना देण्याचे वचन दिले जाते, आणि मग शोमरोनी आपल्या वाटेने जातो. येथे वाहन आहे, निवारा आहे, पैसा आहे, हिशेब आहे आणि जबाबदारी दुसऱ्यावर सोपवणे आहे. शोमरोनी त्या जखमीसाठी मरत नाही. तो परत येण्याचे वचन देतो. त्या उतारशाळेच्या रक्षकाविषयी आपण क्वचितच बोलतो, वास्तविक आपल्या बहुतेक संस्थांचे काम त्याच्याच सारखे असते.

दुसरे असे की, जखमी कोण आहे हे दाखल्यात सांगितलेले नाही. अंगावरचे कपडेही नेल्यामुळे त्याची ओळख पटण्याचे साधन उरलेले नाही. शोमरोनी ती विचारतही नाही. हा निःपक्षपात झाला. परंतु लुटारूंविषयी शोमरोनी तटस्थ होता असे दाखला म्हणत नाही. लुटारू अजून त्याच रस्त्यावर आहेत. उद्या त्यांच्याविषयी कोणी चौकशी केली तर शोमरोनी काय सांगेल, हा प्रश्न दाखल्याच्या बाहेर आहे आणि तो आपल्यासाठी उरलेला आहे.

आपल्या शहरातील कसोटी

तो प्रश्न आम्हां वडोदरेकरांना २००२ साली प्रत्यक्ष पडला. २७ फेब्रुवारीस गोध्रा येथे रेल्वेच्या डब्यात माणसे जळाली आणि त्यानंतर राज्यभर हिंसाचार उसळला. १ मार्चच्या रात्री आमच्या शहरातील हनुमान टेकडी भागात बेस्ट बेकरीवर हल्ला झाला आणि चौदा जणांना प्राण गमवावे लागले. राज्यात एक लाखाहून अधिक लोक छावण्यांत राहिले. त्या छावण्या बहुतांशी पीडित समाजातील संस्थांनीच चालवल्या. कायद्याच्या भाषेत हा सशस्त्र संघर्ष नव्हता. १९७७ च्या दुसऱ्या जोडकरारात दंगे व तत्सम हिंसाचार स्पष्टपणे वगळलेले आहेत, शिवाय भारत त्या करारात सहभागी नाही. म्हणजे युद्धातील जखमीला जे लेखी संरक्षण असते तेही येथे नव्हते. मदतनिसापुढील प्रश्न मात्र तेच होते.

मी त्या वेळी सेमिनरीचा विद्यार्थी होतो. एका छावणीत पीठ व औषधे वाटण्याच्या कामावर आम्हां काही जणांना पाठवण्यात आले होते. शिधा मिळवायचा तर कुटुंबांची यादी हवी. यादीत नाव, मूळ वस्ती, माणसांची संख्या लिहायची. कित्येक जण नाव सांगायला कचरत होते. ही यादी कोणाच्या हाती जाईल, असे ते विचारत. मला उत्तर ठाऊक नव्हते. एका मावशीने नाव सांगितले आणि त्याबरोबर आपल्या वस्तीत काय घडले, कोण कोण होते, हेही सांगितले. मग म्हणाली, “बेटा, हे लिहू नकोस.” मी लिहिले नाही. पीठ मोजून दिले आणि पुढच्या माणसाला बोलावले. मी स्वतःची समजूत घातली की आपले काम पिठाचे आहे, छावणीत येणे बंद झाले तर ह्या लोकांचेच नुकसान होईल.

पुढे जून २००३ मध्ये बेस्ट बेकरी खटल्यातील सर्व आरोपी सुटले, कारण साक्षीदार उलटले होते. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला महाराष्ट्रात नव्याने चालवण्याचा आदेश दिला. २००६ साली मुंबईत नऊ जणांना शिक्षा झाली आणि २०१२ साली उच्च न्यायालयाने त्यांपैकी चौघांची शिक्षा कायम ठेवली. मावशीची वस्ती वेगळी होती, तिचे प्रकरण ह्या खटल्यातील नव्हते. परंतु साक्षीदार उलटल्याची बातमी वाचली त्या दिवशी मला तिची आठवण झाली. तिने बोलण्याची मनाई केली होती, म्हणून मी तिचा विश्वास राखला असे म्हणता येईल. पण तिला भीती का वाटते, तिच्या जबाबाला सुरक्षित वाट कोठे मिळेल, हे शोधण्याचीही मी तसदी घेतली नाही, हेही तितकेच खरे. वडोदऱ्यातील नागरी हक्क संघटनेने व शांती अभियानाने त्याच वर्षी लोकांचे जबाब गोळा करून अहवाल प्रसिद्ध केला होता. म्हणजे वाट अगदीच नव्हती असे नाही. मला कोणी शिकवले नव्हते एवढेच. मला शिकवली गेली होती ती कोटणीसांची अमर कहाणी.

आपल्या मदतीकडे संशयाने पाहिले जाते ही आणखी एक अडचण आपल्या राज्यात आहे. १९९८ च्या नाताळात डांग जिल्ह्यात चर्चेसवर हल्ले झाले. २००३ साली धर्मांतरासंबंधीचा कायदा झाला, त्यात प्रलोभनाचा उल्लेख आहे. म्हणजे आपण स्वतःला तटस्थ म्हटले तरी समोरचा आपल्याला तसे मानील याची खात्री नाही. ह्याचे उत्तर रागाने देता येणार नाही. १९९४ साली रेड क्रॉसने व इतर संस्थांनी मिळून मदतकार्याची आचारसंहिता तयार केली. कारितास इंटरनॅशनॅलिस, लुथरन जागतिक संघ व जागतिक चर्च परिषद ह्या ख्रिस्ती संस्था तीत सहभागी होत्या. मदतीचा उपयोग कोणत्याही धार्मिक वा राजकीय मताच्या प्रसारासाठी होणार नाही, असे त्या संहितेत मान्य केलेले आहे. आपल्यापैकी किती धर्मग्रामांत ती वाचली गेली आहे, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

समारोप

डॉ. कोटणीसांविषयीचा आदर ह्या लेखाने कमी व्हावा अशी इच्छा नाही. किंबहुना त्यांच्या खऱ्या चरित्राने तो वाढावा. १९६२ साली भारत व चीन एकमेकांशी लढले, तेव्हाही त्यांनी वाचवलेल्या माणसांचे प्राण वाचलेलेच होते. सेवेने दोन राष्ट्रांची मैत्री कायमची विकत घेता येत नाही, आणि ती घ्यावी म्हणून सेवा करायचीही नसते. पुढे दोन्ही देशांनी त्यांच्या नावे टपाल तिकिटे काढली, सोलापुरात त्यांचे स्मारक झाले. ही स्मरणे उचितच आहेत. फक्त धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी त्यावर थांबू नये.

मदतकार्याला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी स्वतःला काही गोष्टी विचाराव्यात. आपण कोणाच्या परवानगीने जात आहोत आणि त्या परवानगीच्या बदल्यात कशाविषयी मौन पत्करले आहे? आपण केलेली यादी कोण वाचणार? आपले धान्य कोणाच्या हातून वाटले जाणार? कोणी आपल्याला घडलेले सांगितले तर त्याच्या संमतीने व सुरक्षिततेने ते कोठे पोहोचवता येईल? ह्या प्रश्नांची निर्दोष उत्तरे नाहीत. आपण कोणती वाट धरली व तिची किंमत कोण मोजतो आहे हे माहीत असणे एवढेच आपल्या हाती आहे. ती किंमत बहुधा मदत घेणारा मोजतो, देणारा नव्हे. म्हणून तिचा विचार देणाऱ्याने आधी करावा.

पुढील शिबिरात तो चित्रपट मी पुन्हा दाखवणार आहे. तो संपल्यावर त्या वृद्ध धर्मशिक्षकांना विनंती करणार आहे की त्यांनी आपला प्रश्न सर्वांसमोर पुन्हा विचारावा. ह्या वेळी उत्तर देण्याची घाई मी करणार नाही.